गुब्बिओचे ‘चेरी’ : एका नगरोत्सवाच्या प्राचीनत्वाचा प्रश्न

मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात इंजिनो पर्वताच्या उतारावर गुब्बिओ हे लहानसे नगर वसले आहे. सन १४५६ मध्ये येथील नगरसभेने सात कोरीव ताम्रमिश्रित पत्रे विकत घेतले व त्यांच्या मोबदल्यात विक्रेत्यास दोन वर्षांचा कुरणहक्क दिला. इतिहासात इतका स्वस्त आणि इतका फलदायी सौदा क्वचितच घडला असेल. हे काशाचे पत्रे म्हणजेच ‘इगुवियमचे पट्ट’ होत. लुप्त झालेल्या उंब्रियन भाषेचा याहून मोठा लेख उपलब्ध नाही. त्यांतील काही मजकूर स्थानिक लिपीत, तर उरलेला रोमन लिपीत असून त्यांचा काल स्थूलमानाने इसवी सनापूर्वीचे तिसरे ते पहिले शतक असा धरला जातो.

पट्टांचा विषय कर्मकांडाचा आहे. ‘अतिएदियन बंधू’ नावाच्या पुरोहितमंडळाने नगराची शुद्धी कशी करावी, पक्ष्यांचे शकुन कसे पाहावेत, तीन वेशींपुढे कोणत्या देवतेस कोणता बळी द्यावा, हे त्यांत अत्यंत बारकाईने सांगितले आहे. विधीत चूक झाली तर तो पुन्हा आरंभापासून करावा, अशीही आज्ञा आहे. संस्कृताच्या अभ्यासकास या पट्टांत विशेष रस वाटावा असे एक कारण आहे. ‘दुपुर्सुस पेतुर्पुर्सुस’ हा त्यांतील शब्दप्रयोग वैदिक सूक्तांतील ‘द्विपद’ व ‘चतुष्पद’ या जोडीचा सगोत्र आहे, आणि ‘वीर’ व ‘पशु’ या शब्दांची भावंडेही तेथे एकत्र आढळतात. मनुष्य व जनावर यांच्या क्षेमाची एकत्र प्रार्थना करण्याची रीत या दोन्ही परंपरांना एकाच प्राचीन वारशातून मिळाली असावी.

याच नगरात दरवर्षी १५ मे रोजी ‘चेरीं’ची धाव होते. ‘चेरो’ म्हणजे मोठी मेणबत्ती. प्रत्यक्षात मात्र हे तीन लाकडी मनोरे असतात. प्रत्येकी दोन अष्टकोनी भाग एकावर एक रचलेले, वजन चौकटीसह सुमारे २८० किलो, आणि शिरोभागी अनुक्रमे संत उबाल्दो, संत जॉर्ज व संत अँथनी यांच्या मूर्ती. पहिला गवंड्यांचा, दुसरा व्यापारी व कारागिरांचा, तिसरा शेतकऱ्यांचा. मध्यान्ही नगरचौकात मनोरे उभे केले जातात आणि सायंकाळी खांदेकरी आळीपाळीने ते खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून व शेवटी पर्वतावरील देवालयापर्यंत धावतात. या शर्यतीत कोणी कोणास मागे टाकीत नाही. उबाल्दो सदैव पहिला, अँथनी सदैव शेवटचा. कस लागतो तो मनोरा न पाडण्यात, अंतर राखण्यात, आणि मागच्यांच्या आधी देवालयाचे दार लावून घेण्यात.

हा उत्सव मूर्तिपूजक काळातील आहे काय? सन १८९७ मध्ये बॉवर या इंग्रज अभ्यासकाने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचा संबंध पट्टांतील विधीशी जोडला. तीन वेशी व तीन मनोरे, पवित्र टेकडी, नगरप्रदक्षिणा, शिवाय ‘चेर्फुस’ या देवतानामाशी ‘चेरी’ शब्दाचे ध्वनिसाम्य, असा हा पुरावा आहे. तो मोहक आहे, निर्णायक नव्हे. पट्टांचा शेवटचा थर आणि संत उबाल्दोचा मृत्यू (१६ मे ११६०) यांच्यामध्ये बाराशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि या दीर्घ काळात मनोऱ्यांचा मागमूस दाखविणारा दुवा पुढे आलेला नाही. उलटपक्षी, ज्या बिशपाने बार्बारोसाच्या कोपापासून ११५५ मध्ये नगर वाचविले असे परंपरा सांगते, त्याच्या सणाच्या पूर्वसंध्येस व्यावसायिक संघांनी मेण अर्पण करण्याची प्रथा मध्ययुगीन नगरव्यवस्थेत अगदी स्वाभाविक ठरते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेणाच्या जागी लाकूड आले. नाव मात्र मेणाचेच राहिले. तिनाचा आकडा कोणत्याही धर्मात सापडतो, त्यावर फार भार टाकू नये. वसंतातील एखाद्या जुन्या सणाची जागा या सणाने घेतली असणे अशक्य नाही; परंतु शक्यता म्हणजे परंपरा नव्हे.

नगराचे इतर खेळ या मानाने साधे आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सान्सेपोल्क्रो या शेजारच्या नगराशी आडव्या धनुष्याची स्पर्धा होते. लक्ष्य ३६ मीटरांवर असते. १९१० साली स्थापन झालेला फुटबॉल संघ १९४७-४८ मध्ये व नंतर लागोपाठच्या दोन बढत्यांनी २०११-१२ मध्ये राष्ट्रीय द्वितीय श्रेणीत पोहोचला. दोन्ही वेळा तो एकच हंगाम तेथे टिकला. एवढ्या लहान नगराने तेथवर जाणे हेच नवल म्हटले पाहिजे.

२०२० व २०२१ साली महामारीमुळे चेरींची धाव झाली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा झाली. धाव संपल्यावर मनोरे वर्षभर पर्वतावरील देवालयात राहतात. संतांच्या मूर्ती मात्र त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात खाली आणल्या जातात व गवंड्यांच्या चर्चमध्ये ठेवल्या जातात. पुढल्या मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मनोरेही खाली उतरतात.