हिप-हॉप पत्रकारिता, मराठी

रॅप, डीजेकला, ब्रेकनृत्य आणि ग्राफिटी या चार अंगांनी घडलेल्या हिप-हॉप संस्कृतीविषयीचे वार्तांकन, मुलाखती आणि समीक्षा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास ही संस्कृती आकाराला आली. मराठीत या विषयावर बातम्या पुष्कळ येतात, समीक्षा फार थोडी. त्यामुळे पत्रकारितेची ही शाखा अजून बाल्यावस्थेतच आहे, असे म्हणावे लागते.

तुलनेसाठी ‘द सोर्स’ या अमेरिकी मासिकाचे उदाहरण उपयोगी आहे. १९८८ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड मेझ आणि जॉन शेक्टर यांनी, ते साध्या वार्तापत्राच्या रूपात सुरू केले. अल्बमला एक ते पाच माइक देण्याची त्याची पद्धत पुढे इतकी वजनदार ठरली, की १९९४ मध्ये नाझच्या ‘इलमॅटिक’ला पाच माइक मिळाले हीच बातमी झाली. करार न मिळालेल्या रॅपरांसाठीच्या मासिकाच्या सदराने १९९२ मध्ये, पुढे नोटोरियस बी.आय.जी. म्हणून गाजलेल्या रॅपरची दखल घेतली. मात्र १९९४ मध्येच मेझ यांनी आपल्या मित्रांच्या गटावरचा लेख संपादकांना अंधारात ठेवून छापला आणि संपादक मंडळींनी राजीनामे दिले. कानसेन लेखक आणि मालकापासून अंतर राखणारा संपादक ही दोन्ही माणसे असतील, तरच असे मासिक टिकते.

भारतात ‘रोलिंग स्टोन’ची आवृत्ती २००८ मध्ये निघाली, तीही इंग्रजी. मराठी वृत्तपत्रांत रॅप येतो तो बहुधा तीन दारांनी : चित्रपट, दूरचित्रवाणी आणि पोलीस ठाणे. २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटानंतर डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांची नावे पुरवण्यांत झळकली, नेझीचे ‘आफत’ हे गाणे मात्र २०१४ चे. पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीतून आलेला रॅपर एमसी स्टॅन १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या साखळ्यांवर रकाने भरले गेले. त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम तीन वर्षे आधीचा. पुणेरी वस्तीतल्या हिंदीचा जो लहेजा त्यात आहे, त्यावर भाषेच्या अभ्यासकाने सहज एक लेख लिहिला असता. एप्रिल २०२३ मध्ये रॅपर राज मुंगासे याच्यावर राजकीय गाण्यासाठी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्या वेळी कलमे, तक्रारदार आणि पुढाऱ्यांच्या प्रतिक्रिया तपशिलाने आल्या. गाणे कसे बांधले आहे, हा प्रश्न बहुतेकांना पडलाच नाही.

स्थानिक पानांचे गणित आणखी वेगळे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या पुनावळ्याचे नाव छापून येते ते भुयारी मार्गातली कोंडी, पाणी किंवा कचरा डेपोविरुद्धचे आंदोलन यांमुळे. ते योग्यही आहे. पण महामार्गालगतच्या अशा उपनगरातला एखादा मुलगा फोनवर बीट लावून ओळी रचत असेल, तर त्याच्याकडे कोणत्या खात्याच्या बातमीदाराने जायचे? महापालिका, गुन्हे आणि शिक्षण यांना बातमीदार असतो. या मुलाला नसतो.

समीक्षेतली सर्वांत रुळलेली पळवाट म्हणजे रॅपरला ‘आधुनिक शाहीर’ म्हणून मोकळे होणे. शाहिरी आणि आंबेडकरी जलशाशी नाते जरूर आहे, पण ते दाखवावे लागते. चार ठोक्यांचा एक बार, त्यात शब्द किती आणि कुठे दाबले, श्वास कुठे घेतला, बीट कोणी केले, हे सांगितल्याशिवाय समीक्षा होत नाही. मराठीची एक खास अडचण आहे. वाक्य क्रियापदावर संपत असल्याने ‘केलं-गेलं-मेलं’ असे स्वस्त यमक हाताशी तयारच असते. चांगला रॅपर ते टाळून ओळीच्या पोटात यमक पेरतो, आणि समीक्षकाने ऐकायचे ते नेमके तेच. ज्या भाषेत केशवराव भोळे यांच्यासारख्यांनी गायकीवर बारकाईने लिहिले, तिला हे काम परके नाही.

वरवरच्या वार्तांकनाचा एक दाखला मुंबईच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषिक गटाचा. आरे जंगलाच्या प्रश्नावर प्रकाश भोईर यांच्यासह केलेले त्यांचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे २०१९ चे. याच गटातला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला. अनेक मथळ्यांनी त्याची ओळख ‘गली बॉय’चा रॅपर अशी दिली. तो गुजरातीत रॅप करीत असे.