फिलेमोनास पत्र : एका विनंतीची घडण

शाळेंत मीं पुष्कळ वर्षें पत्रलेखन शिकविलें. पण मायना, मजकूर व समाप्ति यांपलीकडे फारसा गेलों नाहीं. पत्रांत युक्तिवाद कसा रचावा, हें पौलाच्या फिलेमोनास लिहिलेल्या पत्रांत दिसतें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं मूळ भाषांवरून केलेल्या व १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठी बायबलांतही तें आहे. पत्र अवघें २५ वचनांचें. अनेसिम हा दास धन्यापासून दुरावलेला. त्याचा कैवार घेणारा पौल स्वतः बंदिवान.

मायन्यांत फिलेमोनाच्या घरची मंडळीही आहे. म्हणजे उत्तर चारचौघांदेखत द्यावयाचें! आज्ञा करण्याचा अधिकार आहे असें पौल म्हणतो, आणि आज्ञा मात्र करीत नाहीं. आपलें वार्धक्य व बेड्या पुढें करतो. मूळ ग्रीकांत ‘माझें लेकरूं’ हे शब्द अगोदर येतात, दासाचें नांव मागाहून. अनेसिम म्हणजे उपयोगी. पूर्वीं निरुपयोगी होता, आतां उपयोगी झाला, अशी कोटी. त्याचें देणें माझ्या खातीं मांड, असें स्वहस्तें लिहून, तूंच माझा ऋणी आहेस हें बोलत नाहीं, असें तो बोलूनही टाकतो! शेवटीं उतरण्यास जागा तयार ठेव म्हणतो. म्हणजे पाहावयास मी येणार.

मात्र ‘मुक्त कर’ हे शब्द कोठेंच नाहींत. पौलाची ही भीड मला खटकते. अमेरिकेंत १८५० सालीं पळालेल्या गुलामांचा कायदा झाला, तेव्हां त्याच्या समर्थकांनीं हेंच पत्र पुढें केलें; विरोधकांनीं त्यांतील ‘प्रिय बंधु’ या शब्दांवर बोट ठेविलें.