शिशाचा रॉबिन, न घडलेला नाईक

नॉटिंगहॅमच्या शेरिफाने रॉबिन हूडला जन्मभर हुडकले, तो हाती लागला नाही. आज त्याच नॉटिंगहॅम परगण्यात तो साथीदारांसह पाकिटात विकत मिळतो. उंची जेमतेम इंचभर, अंग धातूचे, आणि त्यावर रंगाचा एक ठिपका नाही. रंग घेणाऱ्याने द्यायचा.

या छोट्या माणसांचे कूळ मात्र नॉटिंगहॅमचे नाही, ते जर्मनीतल्या न्युरेंबर्गचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या कथलाच्या कारागिरांनी, त्यात योहान हिल्पर्ट हे नाव पहिले, पाटीच्या दगडात उलटी आकृती कोरून चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक तेव्हा गाजत होता, म्हणून त्याचेच सैन्य घडले. पुढच्या सगळ्या बाहुल्यांना हाच नेम लागू पडतो: ज्याचा बोलबाला, त्याचा साचा.

चपटे शिपाई भरीव गोल झाले, पण धातू फार लागे. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने तोड काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, कडेचा थर थिजला की मधला पातळ धातू परत ओतून घ्यायचा. शिपाई आतून पोकळ, वजनाला हलका आणि किमतीला स्वस्त. जर्मन माल मागे पडला. ही पद्धत सत्तर वर्षे चालली. मुले शिसे तोंडात घालतात म्हणून इंग्लंडात निर्बंध आले आणि १९६६ च्या सुमारास पोकळ शिसे बंद झाले.

तोवर प्लास्टिक आलेच होते. एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह या हंगेरियन माणसाने १९३९ साली लंडनमध्ये काढली. १९६० च्या दशकात तिने १:७२ मापात रॉबिन हूडचा डबा काढला आणि जोडीला शेरिफाचाही, म्हणजे घरच्या घरी लढाई लावता यावी. या मापात धट्टाकट्टा माणूस अडीच सेंटिमीटरच्या आत बसतो. माल मऊ पॉलिथिनचा आणि एकरंगी. रॉबिनची दूरचित्रवाणी मालिका इंग्लंडात १९५५ पासून पाच वर्षे चालली होती, त्यामुळे गिऱ्हाईक तयार होते.

आता त्या डब्यातली मंडळी पाहा. रॉबिनची प्रेयसी मेड मॅरियन जुन्या पोवाड्यांत नाहीच. ती मे महिन्याच्या जत्रेतल्या सोंगांतून आली आणि रॉबिनच्या पदरी पडली. रॉबिनचा पहिला लेखी उल्लेख १३७७ च्या आसपासचा, तोही ओझरता: एका आळशी पाद्र्याला प्रार्थना येत नाहीत, रॉबिनची गाणी मात्र येतात. जुन्या पोवाड्यांतला रॉबिन सरदारपुत्र नव्हे, साधा गडी. राजा रिचर्डचा काळ त्याला चिकटवला तो १५२१ साली एका स्कॉटिश इतिहासकाराने. म्हणजे धातूत ओतला जाईपर्यंत त्याच्यावर चारपाच शतकांचे रंगाचे हात चढलेलेच होते. संग्राहक त्यावर आणखी एक चढवतो, एवढेच.

हा हात चढवायची रीत ठरून गेली आहे. जुनी बाहुली आली की आधी तिचा रंग उतरवायचा. धातूची असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवून, पण कडक पॉलिस्टायरीन प्लास्टिकला ॲसिटोन दाखवायचे नाही, माणूसच विरघळायचा. पॉलिथिन साबणाच्या कोमट पाण्याने घासायचे, कारण साच्याचे तेल अंगावर राहिले तर रंग धरत नाही. मग अस्तर, मग मूळ रंग. त्यानंतर काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून सगळ्या अंगावर सोडायचा. तो चुण्यांत आणि बोटांच्या फटींत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग नुसता घासायचा. अडीच सेंटिमीटरच्या माणसावर उजेड-सावली आपोआप पडत नाही, ती रंगवावी लागते. पॉलिथिन वाकले की रंगाची खपली निघते, म्हणून जुने लोक वरून पांढऱ्या गोंदाचा थर देतात.

आमच्याकडे या कामाला नवे काही म्हणायची गरज नाही. हिंगोलीकडच्या पुसेगावाच्या पट्ट्यात महालक्ष्म्यांचे मुखवटे काही वर्षांनी उजळून घेतात. तिकडे पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावरून उतरतात, नाक तुटलेल्याला नाक लागते, पगडीला नवा लाल रंग मिळतो. मावळा दोन फाळ्यांच्या साच्यात दाबून काढलेला, मातीचा किंवा प्लास्टरचा. ज्यांना औरंगजेबाचा दरबार पुंड म्हणत होता त्यांचीच ही बाहुली, आणि किल्ल्यावर सगळ्यात उंच जागा सिंहासनावरच्या महाराजांची. न्युरेंबर्गचा नेम इथेही खरा ठरतो.

नॉटिंगहॅम या धंद्याचे घर झाले ते रॉबिनमुळे नव्हे. १९७८ साली शेजारच्या न्यूअर्कला सिटाडेल मिनिएचर्स ही बाहुल्यांची कंपनी निघाली, गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीशी तिचा संसार जुळला, शिल्पकार त्या भागात जमले, नोकऱ्या सोडून त्यांनी आपापले कारखाने काढले. आज त्या भागाला गमतीने 'लेड बेल्ट' म्हणतात.

आमच्या भागाचाही एक बंडवाला आहे. नोवसाजी नाईक, हटकरांचा सरदार. हदगाव-उमरखेडच्या टापूतली नव्ह्याची गढी त्याची, आणि आत अरब शिबंदी. १८१९ च्या जानेवारीत निजामाच्या रसेल ब्रिगेडने मेजर पिटमनच्या हाताखाली ती वेढली आणि ३१ तारखेला हल्ला करून घेतली. ब्रिगेडचे नाव हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटावरून, हेन्री रसेलवरून. पुढे याच फौजेची, हैदराबाद कंटिंजंटची, छावणी हिंगोलीत दीर्घकाळ होती. गढी घेणाऱ्या पलटणींना 'नोवा' हा रणसन्मान मिळाला. त्या पलटणी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या, ती रेजिमेंट १९४५ साली कुमाऊँ रेजिमेंट झाली, आणि सन्मान तिच्या यादीत उतरला. नाईकाचे गाव त्याला पाडणाऱ्यांच्या नावे लागले. फ्रेडरिकला कथील मिळाले, रॉबिनला प्लास्टिक. नाईकाचे हयातीतले चित्रही माहीत नाही, मग साचा कुठून यायचा?

ही लढाई टेबलावर मांडायची म्हटली तर तांबड्या कोटातले कंपनीच्या काळातले शिपाई इंग्लंडात तयार मिळतात. लांब बंदुकांचे अरबही मिळतात. नाईक तेवढा घरी करावा लागेल. त्यासाठी त्याच मापाचा एखादा पगडीवाला धातूचा गडी घ्यावा, त्याची पगडी कानशीने घासून काढावी आणि दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीची दोरी वळून नवे पागोटे बांधावे. पुट्टी थिजायच्या आत सुईने पीळ कोरावेत. खांद्यावर घोंगडी हवी: पुट्टीची पातळ पोळी लाटून टाकायची, वाळली की काळपट तपकिरी द्यायचा आणि वरून राखाडी रंग कोरड्या कुंचल्याने आडवा घासायचा, म्हणजे लोकरीचे धागे दिसतात. चेहरा कसा रंगवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. कुणी चुकीचा म्हणू शकणार नाही.