लोखंडी दगडाची साक्ष

लोखंड म्हटले की तांबडी माती आणि गंज हीच डोळ्यांपुढे उभी राहतात. सिडेराइट नामक खनिजाची जन्मकथा मात्र याच्या अगदी उलट आहे. हे लोहाचे कर्बोनेट होय. शुद्ध स्थितीत त्यात शेकडा सुमारे ४८ भाग लोखंड असते. साचलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ बसतो, त्यात पालापाचोळा कुजतो आणि तेथील प्राणवायु संपून जातो. अशा ठिकाणी लोह पाण्यात विरघळलेले राहते, व सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने उत्पन्न झालेल्या कर्बाम्लाशी त्याचा संयोग होऊन गाळातच सिडेराइटच्या गाठी बनतात. पाण्यात गंधकाचे क्षार विपुल असल्यास लोहाचे माक्षिक बनते. समुद्रात असे क्षार पुष्कळ. म्हणून कोळशाच्या सोबतीने सापडणारे सिडेराइट बहुधा गोड्या पाण्याच्या दलदलीची साक्ष देते.

भूस्तरशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड याने १८६० च्या सुमारास बंगालमधील राणीगंज येथे असे थर अभ्यासिले. पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या त्या थरांतील दगडापासून कुल्टीच्या कारखान्यात १८७५ च्या सुमारास लोखंड गाळले जाऊ लागले. हा दगड उघड्यावर आला की गंजून तपकिरी होतो, आणि वरवर पाहणाऱ्यास ती जुनी दलदल कोरडी भूमी भासते.

याच ब्लॅनफर्डने पुढे तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांची पाहणी करून १८६९ साली तिचे वृत्त प्रसिद्ध केले. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा याच टापूत येतो. येथे राणीगंजासारखे कोळशाचे थर नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ आणि त्यावर तापीने आणलेला गाळ आहे. या गाळात कंकर सापडतो. तोही कर्बोनेटच, पण चुन्याचा. पावसाचे पाणी कातळातील व मातीतील चुना विरघळवून खाली नेते. उन्हाळ्यात ते पाणी आटले की चुना खड्यांच्या रूपाने मागे राहतो. सिडेराइट कोंडलेल्या पाण्याचे, तर कंकर ओल आणि कोरड यांच्या आळीपाळीचे चिन्ह होय.

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तेथे खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती आणि त्यावरच्या थरांत लोखंडाचा वापर आढळला. मनुष्याने लोखंड हाती घेतले ते असे अगदी अलीकडे. निसर्गाने ते गाळात साठविले त्यास कोट्यवधी वर्षे लोटली होती.

तथापि एकट्या खड्यावरून निर्णय करणे धोक्याचे. गंधकाचे क्षार संपल्यावर सागरी गाळातही सिडेराइट बनू शकते. म्हणून सोबतचे जीवावशेष, थरांचा क्रम आणि खड्याची मूळ जागा पाहावी लागते. चुन्याच्या भट्टीसाठी खणून काढलेला कंकर चुना देतो. पण त्याचा थर उधळला की त्याची साक्ष कायमची बुडते.