पागडीची पावती आणि मुंब्र्याचा फ्लॅट

अब्बांच्या कपाटात एक भाडेपावती होती. मुंबईतल्या चाळीतल्या एका खोलीची, पागडीची. १९९४ साली ती खोली घरमालकाला त्याचा हिस्सा देऊन दुसऱ्याच्या नावावर गेली आणि आम्ही मुंब्र्याला आलो. मी तेव्हा शाळेत होते. नातेवाईक म्हणत, मुंब्र्यात घर स्वस्त मिळतं. स्वस्त का मिळतं, हे मला फार उशिरा कळलं.

मुंबई आणि उपनगरांतल्या घरबाजाराचा इतिहास आपण दरांच्या भाषेत सांगतो. स्टेशन जवळ, दर जास्त. स्टेशन लांब, दर कमी. पण या बाजारात पहिल्यापासून आणखी एक प्रश्न विचारला जातो: घेणारा कोण?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडल्या गेल्या आणि मध्यमवर्गीय कुटुंबं नव्या घरांच्या शोधात निघाली. एकट्याला जमीन परवडत नव्हती, म्हणून सहकाराची कल्पना आली. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली. त्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथूनच मानली जाते. १९१८ मध्ये वांद्र्याला कॅथॉलिकांची सोसायटी झाली. दादरला पारशी कॉलनी वसली, हिंदू कॉलनी वसली. १९२० साली साष्टीतल्या गावांचा मिळून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला, तेव्हा उपनगरात घर म्हणजे आपल्या माणसांत घर, ही रीत पडू लागलेली होती.

यात सुरुवातीला कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. ओळखीच्या माणसाकडून वर्गणी वसूल करणं सोपं असतं, जामीन मिळतो, स्वयंपाकघराचे वाद होत नाहीत. आपल्याकडच्या खोजा आणि बोहरा जमातींनीही आपापल्या वस्त्या केल्या, तेव्हा बोट दाखवताना ते स्वतःकडेही वळतं. पण रीत जुनी झाली की तिचा नियम होतो. पारशी सभासदांपुरतंच सभासदत्व ठेवणारा अहमदाबादच्या एका सोसायटीचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात खुल्या सभासदत्वाचं कलम आहे, पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला नाकारता येत नाही. पण कलम लागू व्हायला आधी कुणीतरी लेखी नकार द्यावा लागतो. लेखी नकार देतो कोण? नकार एजंटच्या फोनवर येतो.

आता पागडीकडे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली. घरमालकाला भाड्यात काही उरेना, म्हणून भाडेकरू बदलताना रोख रक्कम घ्यायची पद्धत रुजली. ती कायद्यात बसत नव्हती, पण सगळे करत होते. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कुठे या व्यवहाराला मान्यता मिळाली. आमची खोली त्याआधीच गेली होती. डोंगरी, नागपाडा, मदनपुरा या भागांत अनेक घरांची सारी मिल्कत म्हणजे ती एक भाडेपावतीच होती.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर हीच पावती मोडून लोक बाहेर पडले. हिंदू बहुसंख्य वस्त्यांतून मुसलमान निघाले, मुस्लिम बहुसंख्य वस्त्यांतून हिंदू निघाले. आमच्यातले बरेच जण ठाणे जिल्ह्यात, मुंब्रा-कौसा इथे आले. कौसा जुनं गाव, कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. रेल्वे १८५४ मध्येच ठाण्याहून कल्याणपर्यंत आली होती. पारसिकच्या बोगद्यातून जाणारी जलद गाडी मात्र २०२२ पर्यंत मुंब्र्याला वळसा देऊनच पुढे जात असे.

आम्ही आलो तेव्हा इमारती भराभर उठत होत्या. मागणी इतकी की कागद कुणी विचारत नव्हतं. महापालिकेची परवानगी आहे का, शेतजमिनीचा बिनशेती आदेश आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळेल का, हे विचारायला सवड आणि ताकद दोन्ही लागतात. आम्हाला मुलांसाठी रात्रीची झोप हवी होती. अब्बांनी बिल्डरला हप्ते दिले, साध्या पावत्यांवर. ओसी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून रोखीने घेणाराच येतो, आणि रोखीने घेणारा भाव पाडतो. ‘मुंब्र्यात स्वस्त’ याचा अर्थ हा. ज्याला दुसरीकडे दार उघडत नाही, त्याच्याशी घासाघीस करायची बिल्डरला गरज पडत नाही.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. ७० हून अधिक माणसं गेली, त्यात मुलंही होती. त्या आठवड्यात माझ्या वर्गात मुलं आपापल्या इमारतीचे मजले आणि भिंतींच्या भेगा मोजत होती. मी व्याकरण शिकवायचं सोडून दिलं.

२०१७ च्या मे महिन्यापासून रेरा पूर्ण लागू झाला. नोंदणीशिवाय नव्या प्रकल्पाची विक्री नाही, हे चांगलंच झालं. आमच्यासारख्या जुन्या इमारतीला मात्र तो मागे जाऊन ओसी देत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही ठाण्यात फ्लॅट पाहिला. मी आणि नवरा दोघेही शिक्षक, पगार खात्यात जमा होतो, कर्ज मंजूर होत होतं. एजंट म्हणाला, “मॅडम, कागद एकदम क्लिअर आहे.” मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी फ्लॅट ‘विकला गेला’. तीन आठवड्यांनी त्याच फ्लॅटची जाहिरात परत दिसली.

आम्ही अजून कौशातच आहोत. इमारतीतल्या मंडळींनी आता वर्गणी काढून वकील केला आहे, कन्व्हेयन्ससाठी. मागच्या रविवारी बैठकीत त्याने सगळ्यांकडे मूळ कागद मागितले. मी अब्बांची फाइल उघडली. बिल्डरच्या पावत्यांखाली, प्लास्टिकमध्ये घातलेली, चाळीच्या भाड्याची शेवटची पावती होती. वकिलाने ती पाहिली आणि परत दिली, तिचा या कामात उपयोग नव्हता.