जातो, गेलो आणि 'जालो'

परवा शनिवारी फ्रेंचचा गृहपाठ करत बसलो होतो. (कंपनी पॅरिसच्या क्लायंटकडे पाठवेल म्हणून हा खटाटोप. दोन वर्षं नुसतं 'पाठवेल'च चाललंय, असो.) क्रियापद होतं 'आले', म्हणजे जाणे. मी जातो म्हणजे 'ज वे', आम्ही जातो म्हणजे 'नू झालों', मी जाईन म्हणजे 'जिरे'. आयला, एका क्रियापदाला तीन तोंडं! बाई म्हणाल्या, पाठ करा, कारण विचारू नका.

कारण आहे पण. लॅटिनमध्ये 'वादेरे' आणि 'ईरे' अशी दोन वेगळी क्रियापदं होती. 'वे' पहिल्यातून आलं, 'जिरे' दुसऱ्यातून. 'आलों'च्या मुळावरून पंडित अजून भांडतात.

फ्रेंचांना हसत होतो, तेवढ्यात लक्षात आलं की आपण तरी कुठे वेगळे? मी आज जातो, पण काल 'गेलो'. 'जा' आला संस्कृत 'याति'तून, आणि 'गेला' आला 'गम्' धातूच्या 'गत'वरून. प्राकृतात त्याला 'इल्ल' प्रत्यय चिकटला. 'आगत'चा तसाच 'आला' झाला. म्हणजे आला आणि गेला सख्खे भाऊ. 'येणे' मात्र 'एति'तलं, आणि ते लॅटिन 'ईरे'चं नातेवाईक. आता गंमत बघा. फ्रेंच माणूस 'मी जाईन' म्हणताना ज्या मूळ धातूचा शब्द वापरतो, त्याच धातूचा शब्द वापरून आपण निघताना 'येतो हं' म्हणतो!

मराठीची ही घडण पद्धतशीर मांडली तीही एका फ्रेंच माणसानेच, ज्यूल ब्लोकने. त्याचं पुस्तक 1920 साली निघालं, आणि वा. गो. परांजप्यांनी ते मराठीत आणलं. पुढे 1946 मध्ये त्याने द्राविडी भाषांच्या व्याकरणावर लिहिलं. गोंडी त्याच कुळातली.

गोंडीवरून आठवलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत चौथीला एक मुलगा होता, घरी गोंडी बोलणारा. दोन दिवस आला नाही म्हणून सरांनी विचारलं, तर म्हणाला, "मी घरी जालो सर." वर्ग खो खो हसला. सरांनी छडी मारली. मीही हसलो होतो, अगदी पहिल्या बाकावरून.

आता बघतो तर त्याचं काय चुकलं होतं? बसतो-बसलो, उठतो-उठलो, तसं जातो-जालो. मिळालेल्या डेटावरून पोराने नियम बरोबर काढला होता. अपवादांचा तक्ता त्याच्याकडे नव्हता, कारण तो आईकडून मिळतो, आणि त्याच्या आईची भाषा गोंडी. बरं, 'जाला' हा शब्द जुन्या मराठीत होताच, फक्त अर्थ 'झाला' असा. त्याचं मूळ 'जात'.

पुढे पुण्याच्या होस्टेलवर मी "कुठं जाऊन राहिला बे?" म्हणालो आणि सगळी रूम हसली, तेव्हा मला राग आला होता. महिनाभर मी तोंड सांभाळून बोलायचो. त्या पोराने तर वर्षभर वर्गात तोंडच उघडलं नाही. सरांनी प्रश्न विचारला की उभा राहायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.