वैशाखातला बगीचा

बाग पाहायला जावे ते ती फुललेली असताना, असा सर्वमान्य शिरस्ता आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते ते त्याचसाठी. आमच्या मोहगाव-सौंसरकडे मात्र आम्ही लहानपणी पाहिलेला शिरस्ता अगदी उलटा होता. आमच्या घरचे वडीलधारे दुसऱ्यांचे बगीचे पाहायला जात ते वैशाखात. (संत्र्याच्या बागेला आपण आजही ‘बगीचा’च म्हणतो.) जमीन भेगाळलेली, पाने मलूल, फळाचा पत्ता नाही, पाहण्यासारखे येथे आहे तरी काय, असा प्रश्न परक्याला पडावा, तीच नेमकी पाहण्याची वेळ मानली जाई. या फेऱ्यांना मंडळ नव्हते, वर्गणी नव्हती, त्यामुळे कोणत्याही दप्तरात त्यांची नोंद नाही. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांनीच आता त्या लिहून ठेवायला हव्यात.

बागप्रेमींची रीतसर मंडळे आपल्या देशात जुनी आहेत. विल्यम कॅरे यांनी १८२० मध्ये कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. तिच्याच धर्तीवरील पश्चिम भारताच्या संस्थेची बाग मुंबईत शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीकडे गेली आणि १८६२ मध्ये खुल्या झालेल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेने तिची परंपरा चालवली. परदेशी रोपे आणावीत, ती येथे रुजतात का पाहावे, प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असा या संस्थांचा खाक्या होता. आपल्या बाजूला त्या प्रकारचे काही असेल, तर ते नागपूरचे महाराजबाग. भोसल्यांनी लावलेली ही बाग पुढे कृषी शिक्षणाच्या कामी आली आणि १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कृषी महाविद्यालयाशी जोडली गेली. पण महाराजबागेत आपली मंडळी जात ती मुलांना वाघ दाखवायला. बगीचा शिकायला ती जात दुसऱ्याच्या बगीच्यात.

संत्रा हे आपले मूळचे झाड नव्हे. भोसल्यांच्या काळी ते औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, नागपुरास आले, अशी परंपरा सांगितली जाते. म्हणजे तेही आपल्या घराण्यांसारखेच. देवगडच्या गोंड राज्याचा हा मुलूख अठराव्या शतकात भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि त्या अमलाबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे घाटाखालच्या या कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात स्थिरावली. संत्रा आपल्या शिवारात आला तो त्यानंतर बऱ्याच काळाने. कलमे शेजारच्या वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटची. त्या गावाची कलमांसाठीची ख्याती आजही टिकून आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम बैलगाडीतून घरी आणता येई. ते कसे वागवायचे, ही विद्या मात्र गाडीत घालून आणता येत नव्हती.

त्या विद्येचा गाभा म्हणजे ताण. संत्र्याला आपोआप भरघोस फूल येत नाही. झाडाची वाढ काही काळ थांबवावी लागते. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडायचे. पाणी तुटले की नवी पालवी थांबते, झाडात अन्नसाठा होतो आणि मृगाचा पाऊस पडताच तो साठा फुलांच्या रूपाने बाहेर येतो. ताण कमी पडला तर नुसती नवती फुटते, फुले येत नाहीत. जास्त झाला तर फांद्या वाळतात, प्रसंगी झाडच जाते. पाणी किती दिवस तोडायचे याचे एक उत्तर नाही. मुरमाड हलक्या जमिनीत महिनाभरात झाड माना टाकते. भारी काळ्या जमिनीला दीड-दोन महिनेही लागतात. एकाच बगीच्यात दोन्ही प्रकारची जमीन असली, आणि आपल्याकडे ती हमखास असते, तर एका टोकाचा हिशेब दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही. पाव हिस्सा पाने गळली की ताण बसला, असा ठोकताळा पुस्तकात सापडतो. तो चुकीचा नाही. पण गळायच्या आधी पान कसे वळते, त्याचा हिरवा रंग कसा उतरतो, दुपारी कोमेजलेले झाड पहाटे सावरते की नाही, हे डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि तेही अनेक बगीच्यांत.

म्हणून या फेऱ्या. निमित्त बहुधा लग्नाचे असे. लग्नसराई आणि ताण एकाच वेळी येतात, हे आपले भाग्यच म्हणायचे. काटोल, नरखेड, वरूड, पांढुर्णा इकडे सोयरिकी असत. लग्न लागले, पंगती उठल्या की दुसऱ्या दिवशी पहाटे पाहुणेमंडळी यजमानाच्या बगीच्यात हजर. नागपूरच्या बाजूला जायचे तर सौंसरहून छोट्या लाईनची गाडी होती. ती अरुंद रुळांची गाडी २०१५ मध्ये बंद झाली. बगीच्यात गेल्यावर कोणी फारसे बोलत नसे. आजोबा आधी आळ्यातली माती उकरून मुठीत दाबून पाहत, मग खोडाची साल. डिंक्याचा पाझर दिसला तर तेवढ्यापुरते बोलणे होई: साल खरवडा, मोरचूद-चुन्याचे मलम लावा, खोडाला पाणी लागू देऊ नका. यजमानाला राग येत नसे, कारण पुढच्या वैशाखात आमच्या बगीच्यात त्याची पाळी असे.

या आठवणींना सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. पाटाने आळ्या-आळ्यांतून पाणी फिरवण्याची तीच जुनी पद्धत रोगही झाडोझाडी पोहोचवीत होती, हे आज आपण जाणतो. या फेऱ्यांत बायका कधी नसत, आणि तोडणी तर त्यांच्याच हातची असे. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आजोबा मुठीतली माती टाकून द्यायचे आणि मागे उभ्या असलेल्या सालदाराकडे पाहायचे. तो मान हलवी, त्यावर निर्णय होई. ताणाची विद्या कोणाची होती, याचे उत्तर त्या नजरेत होते. आपल्या घरातल्या कथांत मात्र त्या माणसाचे नाव येत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी सोयऱ्यांचे बगीचे एका राज्यात राहिले आणि आपले दुसऱ्या. तोवर नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. पुढे त्यांचे कृषी विद्यापीठ अकोल्याचे झाले, आपले जबलपूरचे. नागपुरातले लिंबूवर्गीय फळांचे केंद्रीय संशोधन केंद्र १९८५ चे, तेही सीमेपलीकडे. आपल्या हाती पडणारी माहितीपत्रके हिंदीत, मुलांच्या शाळाही बहुतांशी हिंदीत. तरीही आजही आपल्या शिवारात ताण तो ताणच, नवती ती नवतीच आणि डिंक्या तो डिंक्याच. आपली भाषा सभा-संमेलनांनी टिकवली असे आपण म्हणतो. मला वाटते त्याहून अधिक ती बगीच्याने टिकवली.

ही फेरी मोडली कशाने, याचे एक कारण सांगता येणार नाही. बोअरवेल आली आणि पाणी खोल गेले. वरूड-मोर्शीकडे २०१९ च्या उन्हाळ्यात हजारो झाडे उभी वाळली. ज्याच्याकडे बगीचा जगवण्यापुरतेही पाणी नाही, त्याने कसला ताण पाहायचा आणि कोणाला दाखवायचा? ताण नीट न बसल्यास वाढ रोखणारी औषधे फवारता येतात. व्यापारी उभा बगीचा बोलीने घेतो, तेव्हा मालक स्वतःच बगीच्यात फारसा फिरकत नाही. आणि लग्ने आता मंगल कार्यालयात लागतात. पाहुणे जेवून त्याच दुपारी परत निघतात.

पांढुर्णा हा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला आणि मोहगाव त्यात आले. त्यानंतरच्या एका वैशाखात नात्यातल्या एका तरुणाने मोबाईलवर संत्र्याच्या पानाचे छायाचित्र पाठवून विचारले, “काका, ताण झाला का?” मी कळवले की पान नको, बगीचा दाखव. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दुचाकी घेऊन दारात आला. त्याच्या बगीच्याची नदीकडची बाजू मुरमाची. तिथल्या झाडांची पाने पहाटेच्या गारव्यातही वळलेलीच होती, शेंड्याच्या काही काड्या वाळू लागल्या होत्या. वरच्या काळ्या जमिनीतली झाडे अजून तजेलदार दिसत होती. बगीच्यात काम करणाऱ्या माणसाला आम्ही जवळ बोलावले आणि तिघांनी मिळून ओळी फिरून पाहिल्या. त्या संध्याकाळी मुरमाकडच्या चार ओळींना हलके पाणी दिले. वरच्या ओळी मृगापर्यंत तशाच ठेवल्या.